टेलची पाळी आणि एक क्रियापद

"तुमची सून काय करते?" असं कुणी विचारलं, की माझ्या सासूबाई सांगायच्या, "कम्प्युटरच्या घरचं पाहते." मला तेव्हा हसू यायचं. आता साठीला टेकल्यावर वाटतं, माझ्या धंद्याचं याहून बरं वर्णन मलाही जमलेलं नाही.

मी मूळची साताऱ्याकडची. लग्नानंतर वर्ध्याला आले, नालवाडीत घर केलं आणि घराच्या पुढच्या दोन खोल्यांत प्रोग्राम लिहून द्यायचं काम सुरू केलं. जिनिंगवाले, पतसंस्था, शाळा, दुकानदार, जो येईल त्याचं काम घ्यायचं. गिऱ्हाईक सांगणार एक, त्याला हवं असणार दुसरं आणि आपण लिहून देणार तिसरंच. मग महिनाभर भांडत भांडत ते एका जागी आणायचं, असा तो धंदा. त्यात मी बऱ्यापैकी तरबेज झाले होते. भांडणात तर फारच.

मग ते एआयवाले सहायक आले. आपण साध्या भाषेत सांगायचं आणि त्यांनी कोड लिहून द्यायचा. पहिल्यांदा वापरून पाहिला तो एका शाळेच्या फी-पावतीसाठी. जे लिहायला मला आठवडा लागला असता, ते कपातला चहा गार व्हायच्या आत समोर आलं, आणि चाललंसुद्धा. खरं सांगते, मी घाबरले. माझा सहकारी निलेश, जो आर्वीहून येऊन माझ्याकडे कित्येक वर्षं टिकला आहे (यातच त्याचा स्वभाव आला), माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, आता आपण काय करावं?" मी म्हटलं, "चहा पी आधी."

पुढच्या काही दिवसांत या पाहुण्याचं पाणी कळलं. पहिल्यांदा सासरी आलेल्या जावयासारखा तो असतो. हुशार, कपडे इस्त्रीचे, बोलणं गोड. पण घरात माठ कुठे ठेवलाय हे त्याला ठाऊक नसतं, आणि विचारायची लाज वाटते म्हणून अंदाजानं कुठल्याही दारात शिरतो. जगातली सगळी पुस्तकं त्याला पाठ, पण सेलूच्या जिनिंगमध्ये 'गाठ' म्हणजे कापसाचा दाबलेला गठ्ठा, आणि पतसंस्थेच्या प्रोग्राममध्ये मी कुठल्या कोपऱ्यात काय दडवून ठेवलंय, हे त्याला कुठून माहीत असणार? तो ते ठोकून देतो. इतक्या आत्मविश्वासानं ठोकतो, की आपल्यालाच शंका येते.

तिथे माझा नवा धंदा सुरू झाला. या सहायकांना बाहेरून छोटे छोटे प्रोग्राम जोडता येतात. निलेश त्यांना प्लगिन म्हणतो, मी जोडणी म्हणते. एक जोडणी त्याला गिऱ्हाइकाची माहिती नीट वाचून दाखवते, म्हणजे तो अंदाज बांधत नाही. दुसरी त्याला आधी नकलेवर बदल करून पाहायला लावते. खऱ्या प्रोग्रामला हात लावायचा तर माणसाला विचारावं लागतं. माझ्या जोडणीत 'सगळ्याला हो' असं बटण नाही. ते द्या म्हणून एक प्राध्यापक माझ्याशी तासभर हुज्जत घालून गेले. मी दिलं नाही.

तिसरी जोडणी निरोपाची. आम्ही वापरायचो त्या सहायकाला एक बैठक संपली, की आदलं काही आठवायचं नाही. दुसऱ्या दिवशी नव्यानं ओळख. म्हणून आमची जोडणी बैठक संपताना त्याच्यासाठी निरोप लिहून ठेवते, काय झालं आणि काय करायचं बाकी आहे. पुढच्या वेळी तो निरोप वाचूनच तो कामाला बसतो. आणि चौथी, जिचा मला सगळ्यात अभिमान, ती बोलण्याची. आमच्याकडच्या लोकांना टाइप करायचा कंटाळा. त्यांनी वऱ्हाडीत बोलावं आणि सहायकाला ते कळावं, यासाठी मी आणि निलेशनं बरेच महिने घालवले. बोललेलं लिहून घेणारा भाग वऱ्हाडी ऐकायचा, पण लिहायचा पुस्तकी मराठीत. ते मला तेव्हा फार सुबक वाटलं होतं.

गिऱ्हाइकं नमुनेदार भेटली. सिंदी मेघ्यातले किशोरशेठ, पाइप आणि मोटारींचं दुकान. त्यांनी सहायकाशी बोलून बोलून दुकानाचा प्रोग्राम स्वतःच बनवला होता. एकदा तणतणत आले.

"मॅडम, याले बोलता येत नाई नीट."

"काय म्हणतो?"

"काई विचारलं की म्हणते, तुमचा प्रश्न फारच उत्तम हाये. मी गिऱ्हाइकाले असं कवा म्हणतो, माहीत हाये? जुना माल खपवायचा असला का."

त्यांच्यासाठी आम्ही एक जोडणी बनवली, सहायकाचं कौतुक गाळून फक्त कामाचं समोर ठेवणारी. शेठजी खूश झाले. आठवड्यानं पुन्हा आले. म्हणाले, "थोडंसं राहू द्या. अगदीच रूक्ष वाटून राह्यलं." माणसाला काय हवं असतं हे ओळखणं कठीण आहे, आणि त्याचा प्रोग्राम लिहिणं त्याहून कठीण.

पण मला सांगायचं आहे ते शोभाताईंबद्दल.

हिंगणीकडच्या एका गावात कॅनलच्या पाण्यावर शेती करणाऱ्यांची पाणी वापर संस्था आहे. शोभाताई तिच्या सचिव. चाळिशीतल्या, बी.एस्सी. झालेल्या, सासर तिथलंच. कॅनलचं पाणी कसं चालतं ते बाहेरच्यांसाठी सांगते. धरणातून रब्बीला ठराविक वेळा पाणी सुटतं. एकदा सुटून बंद होईपर्यंतच्या काळाला आवर्तन म्हणतात. त्या आवर्तनात प्रत्येक वावराची, म्हणजे शेताची, पाळी असते. कॅनलच्या सुरुवातीला ज्यांची वावरं, ते हेडवाले. शेवटी ज्यांची, ते टेलवाले. पाणी आधी हेडला पोचतं, आणि हेडवाल्यानं आपलं दार बंदच केलं नाही, तर टेलला चिखलही पोचत नाही. एवढी एक गोष्ट कळली, की त्या गावातली निम्मी भांडणं कळतात.

शोभाताईंचं वावर हेडला. आणि टेलवाल्यांना संस्थेत आणायला घरोघर फिरल्या होत्या त्याच. "पाळी कम्प्युटर लावंन, मी नाई लावणार. त्याले ना हेड समजत ना टेल," असं सांगून त्यांनी लोकांना तयार केलं होतं. पाळ्यांचा तो प्रोग्राम मी पूर्वीच लिहून दिलेला. पाळी ठरली की सभासदाच्या मोबाइलवर संदेश जायचा, पाळी झाली की दुसरा. तेच संदेश कॅनलवरच्या माणसालाही जायचे, आणि त्यांवरच तो दारं उघडायचा आणि लावायचा.

यंदा शोभाताईंच्या मनात आलं, की आवर्तनाची सुरुवातच टेलपासून करावी. आधी शेवटच्या मायनरला, म्हणजे कॅनलच्या छोट्या फाट्याला पाणी, मग सरकत सरकत हेडकडे. त्यासाठी प्रोग्राम बदलायला हवा. मी म्हटलं, तुम्हीच करा, सहायक आहे, माझ्या जोडण्या आहेत. त्यांना लॅपटॉपवर सगळं बसवून दिलं. त्या बोलून काम करायला लागल्या आणि फार भराभर शिकल्या. फोनवर मला सांगायच्या, "ताई, हा पोट्टा हुशार हाये. फक्त सांगतलं पायजे." मला बरं वाटायचं. आपण केलेली वस्तू गावातल्या बाईच्या हाताला बसते, याचं सुख ज्यानं प्रोग्राम लिहिलेत त्यालाच कळेल.

आवर्तन सुरू झालं. हरभरा घाट्यांवर होता, म्हणजे पाणी नेमकं हवं तेव्हा. या आवर्तनापुरती हेडपासूनची जुनी पद्धत ठेवून, वरच्यांचं ओलित, म्हणजे शेताला पाणी देणं, सुरू असतानाच, शोभाताई त्याच आवर्तनातल्या टेलच्या पाळ्या शेवटच्या वावरापासून टाकायला बसल्या.

एका दुपारी त्यांचा फोन आला. आवाज वेगळाच.

"ताई, लोक घरी आले. मले चोर म्हणून राह्यले."

झालं होतं असं. टेलच्या अर्ध्याहून जास्त सभासदांना संदेश गेला होता, 'आपली पाळी पूर्ण झाली.' त्यातले नामदेवराव, सगळ्यात शेवटच्या वावराचे मालक, संदेश आला तेव्हा कोरड्या चारीत उभे होते. चारी म्हणजे वावराला पाणी आणणारा छोटा पाट. तिच्यात भेगा पडल्या होत्या. कॅनलवरच्या माणसाला संदेश मिळाला म्हणून त्यानं टेलचा दरवाजा लावून टाकला होता. आणि परवा धरणाचं गेट बंद होणार होतं.

मी आणि निलेश लगेच निघालो. गावात पोचलो तर संस्थेच्या खोलीत आणि बाहेर ओट्यावर माणसं बसलेली. शोभाताई खुर्चीत नव्हत्या, भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांचे यजमान विनोदभाऊ दारात. निलेशनं लॅपटॉप उघडला आणि प्रोग्राम तपासायला लागला. मी लोकांना समजावून सांगायचा प्रयत्न केला, की प्रोग्राममध्ये काहीतरी चूक असेल, आम्ही शोधतोय.

नामदेवरावांनी मला हातानं थांबवलं. सत्तरीचे गृहस्थ, आवाज चढवत नाहीत.

"बाई, आमाले प्रोग्राम नोका दाखवू. शोभा, तू सांग. तुह्या वावरात पाणी गेलं का?"

"गेलं, मामाजी."

"अन् आमच्या?"

"नाई गेलं."

"मंग आता आमी काय समजावं?"

हेडवालीच्या वावरात पाणी, टेलवाल्याला 'पूर्ण झाली'चा संदेश. मी नामदेवराव असते, तर मीही तेच समजले असते. शोभाताईंनी या लोकांना दिलेला शब्द त्या खोलीत सगळ्यांदेखत मोडत होता, आणि तो मोडलेला नाही हे दाखवायला आमच्या हातात काही नव्हतं.

निलेश मान हलवत म्हणाला, "ताई, नावं दोनदोनदा पडली आहेत. टेलवाल्यांचीच."

दोनदा नाव आलं की काय होतं, हे मला माहीत होतं, कारण तो नियम माझाच. एका आवर्तनात एकाच वावराचं नाव दुसऱ्यांदा आलं, तर पहिली पाळी झाली असं धरायचं आणि दुसरी पुढच्या आवर्तनात ढकलायची. पूर्वी लोक दोनदा पाणी मागायचे, म्हणून तो घातला होता. पण नावं दोनदा पडली कशी? कुणी टाकली? गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "तिनंच टाकली असंन, आमाले मागं ढकलाले."

शोभाताई भिंतीपासून पुढे आल्या. रडू आवरत होत्या, पण बोलल्या स्पष्ट.

"मी कायले टाकू दोनदा? मी तुमचीच नावं आधी घेतली. संध्याकाळी स्वयंपाकाची येळ झाली, त त्याले सांगून उठली, टेलची पाळी टाकून राह्यली मी, बाकीचं सकाळी करू. सकाळी त्यानं मले विचारलं, मी म्हटलं टाक. एवढंच केलं मी."

मी म्हटलं, "थांबा. कुणाला सांगून उठलात?"

"त्याले. तुमच्या मशीनले."

"काय सांगितलंत? पुन्हा तसंच म्हणा."

"टेलची पाळी टाकून राह्यली मी."

आणि मला एकदम पोळ्या आठवल्या.

लग्न होऊन मी नुकतीच वर्ध्याला आले होते. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मी पोळ्या करून राह्यली." मी साताऱ्याची. मला ऐकू आलं, पोळ्या करायच्या राहिल्या. मी धावत आत गेले, त्यांच्या हातातलं लाटणं घेतलं आणि म्हटलं, "आई, द्या, मी करते राहिलेल्या." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांचा अर्थ एवढाच होता, की मी पोळ्या करते आहे. इकडे 'करून राह्यली' म्हणजे काम चालू आहे. माझ्या माहेरी 'राहिली' म्हणजे काम तसंच पडून आहे. सुनेनं आल्या आल्या लाटणं हिसकावलं, ही गोष्ट त्या घरात बरीच वर्षं सांगितली गेली.

निलेशला निरोप काढायला सांगितला. तिथे पुस्तकी मराठीत व्यवस्थित लिहिलं होतं, 'टेलची पाळी टाकायची राहिली आहे.' बोललेलं लिहून घेणाऱ्या आमच्या त्या सुबक भागानं 'राह्यली'चं 'राहिली' केलं होतं, आणि सहायकानं त्याचा साताऱ्याचा अर्थ घेतला होता. सकाळी त्यानं नियमाप्रमाणे परवानगीही मागितली होती, 'टेलची राहिलेली पाळी टाकू का?' शोभाताईंना वाटलं, अर्धी टाकून झाली आहे, उरलेली अर्धी टाकू का असं विचारतोय. त्या म्हणाल्या, टाक. त्यानं पहिल्या नावापासून सगळी टाकली. ज्यांची आदल्या दिवशी पडली होती, त्यांची दुसऱ्यांदा पडली. माझं ते विचारून मगच हात लावण्याचं कुलूप दोघांनी मिळून उघडलं होतं, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.

मी हे जमलेल्यांना सांगितलं. पोळ्यांची गोष्टही सांगितली. दोनचार जण हसले. वातावरण जरा सैल झालं. एकजण म्हणाला, "म्हणजे मशीन पुण्याकडची निघाली म्हणा." मी म्हटलं, साताऱ्याकडची. नामदेवराव मात्र हसले नाहीत.

"शब्दाचा घोळ समजला," ते म्हणाले. "शोभानं मुद्दाम नाई केलं, हेबी समजलं. पण घोळ आमच्याच वावरात काऊन झाला? तुमच्या वावरात घोळ झाला असता, त पाणी तरी जास्त झालं असतं. आमच्या वावरात झाला की कोरडंच राह्यते."

हा प्रश्न मी आजवर कुठल्याही गिऱ्हाइकाकडून ऐकला नव्हता.

पुढचं काम भराभर झालं. शोभाताईंनी तिथूनच पाटबंधारेच्या शाखा अभियंत्यांना फोन लावला. सरळ सांगितलं, संस्थेच्या नोंदीत चूक झाली, टेलला पाणी गेलेलं नाही, गेट थोडं जास्त चालू ठेवा. ते गृहस्थ समजूतदार निघाले. म्हणाले, एक दिवस वाढवतो. पण कॅनलमध्ये पाणी वाढवून सोडता येणार नाही. आहे तेच टेलपर्यंत न्यायचं तर वरची सगळी दारं बंद ठेवावी लागतील.

वरची दारं म्हणजे हेडवाल्यांची. त्यांची पाळी चालू होती, वावर निम्मंच भिजलं होतं आणि गव्हाचं ओलित याच पाळीत अजून व्हायचं होतं. खोलीत पुन्हा कुजबुज सुरू झाली. शोभाताईंनी कुणाकडे पाहिलं नाही. म्हणाल्या, "आमचं दार आधी लावा." विनोदभाऊंच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी पाहिलं. गहू त्यांचाही होता, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. ते म्हणाले, "गहू वाळला त वाळंन. चला, नामदेवमामा, तुमीच या संग. आपण दोघं फिरू कॅनलवर." आणि ते दोघं खरोखरच निघाले, एकेक दार लागलं आहे की नाही ते बघत.

पाणी टेलला पोचलं. सगळ्यांना पुरलं नाही. शेवटच्या दोनतीन वावरांना अर्धवट मिळालं आणि नामदेवरावांच्या हरभऱ्याचा एक तुकडा कोरडाच राहिला. त्यांनी तसं मला सांगितलं, तक्रारीच्या सुरात नाही, जे झालं ते सांगावं तसं. मी त्या तुकड्यात जाऊन आले. घाटे पोचट होते. माझ्या कामाचा परिणाम असा बोटांनी चिमटून बघायची वेळ माझ्यावर आधी कधी आली नव्हती. वाईट वाटलं.

आम्ही जोडणी दुरुस्त केली. आता बोलण्यात कुठेही 'राह्यलं', 'राह्यली' आलं, की ती पुढे जातच नाही. आधी विचारते, 'चालू आहे की व्हायचं आहे?' आणि निरोपात तेच दोन शब्द लिहिते, तिसरा नाही. निलेशनं कोडमध्ये या भागाला 'सासूबाईंचा नियम' असं नाव दिलं आहे. आमची जोडणी वापरणाऱ्या एका पुण्याच्या मुलानं लिहून विचारलं होतं, की हा नियम कशासाठी, तो काढला तर चालेल का. मी उत्तर दिलं, वर्ध्याला जेवायला या, मग सांगते. माझा तो जुना दुसऱ्या नावाचा नियमही बदलला. आता नाव दोनदा आलं, तर प्रोग्राम स्वतः काही धरून चालत नाही, सचिवांना थांबवून विचारतो.

उन्हाळ्यात संस्थेची सभा झाली. सचिव निवडायचा होता. टेलवाल्यांनी नामदेवरावांच्या सुनेचं, कल्याणीचं नाव पुढे केलं आणि ती निवडून आली. हेडच्या काही लोकांनीही तिलाच हात वर केला. त्यांचा गहू वाळला होता आणि दार लावायला कुणी सांगितलं हे ते विसरले नव्हते. शोभाताईंच्या बाजूनं फार थोडे हात वर गेले. मला हे कळलं तेव्हा माझा संताप झाला. हातातली कामं टाकून मी फोन उचलला होता नामदेवरावांना झाडायला. निलेशनं तो काढून घेतला.

काही दिवसांनी शोभाताईच कल्याणीला घेऊन नालवाडीला आल्या. प्रोग्राम आणि सहायक तिला शिकवायचा होता. मी चहा टाकायला आत गेले तर शोभाताई मागोमाग आल्या. मला गप्प बसवेना.

"तुम्ही स्वतःचं ओलित सोडलंत. चूक तुमची नव्हती, हे त्यांनाही पटलं. तरी तुम्हालाच हटवलं?"

"वाईट वाटलं ना, ताई. घरी जाऊन रडली मी. आमच्या यायच्यासंग आठ दिवस नाई बोलली, का हे म्हणे बरं झालं सुटली." मग कपबश्या पुसता पुसता म्हणाल्या, "पण पाणी वरून येते. वरच्यानं कितीबी खरं सांगतलं, तरी खालच्याले ते दिसत नाई. त्याले आपली कोरडी चारी दिसते. मी दहा वर्ष सचिव राह्यली असती, तरी त्याईले दर पाळीले वाटलं असतं, का हेडवाली हाये."

बाहेर कल्याणी लॅपटॉपसमोर बसली होती. पुढच्या रब्बीची तयारी म्हणून शोभाताईंची नवी पद्धत, टेलपासून सुरुवात, लावून बघत होती. सहायकानं पाळ्या मांडून दाखवल्या. सगळ्यात वर नाव आलं नामदेवरावांचं.

"बरोबर हाये ना, काकू?" कल्याणीनं विचारलं. "शेवटचं वावर आमचंच हाये. पहिली पाळी आमचीच येते."

"नियमानं बरोबर हाये," शोभाताई म्हणाल्या. त्या तिच्याशेजारी बसल्या आणि पडद्यावरच्या त्या पहिल्या नावावर त्यांनी बोट ठेवलं. "पण पाणी सुटायच्या दिवशी आमच्या हेडवाल्यातला एक माणूस तुमच्या दारापाशी उभा करजो. तुमच्या वावरात किती गेलं, त्याले त्याच्या डोळ्यानं पाहू देजो."

"काऊन? संदेश जातेच ना सगळ्याईले."

"माहे संदेशबी जात होते," शोभाताई म्हणाल्या. "मी कोणाले उभं नोहोतं केलं."